नागड्या तारेची कॉइल

अकोल्यात कापसाच्या जिनातली मोटर जळली, की मॅनेजर आधी देवमन तायड्याच्या शिव्या खायची तयारी करायचा आणि मग मोटर गाडीत घालायचा. दुकानात पाय ठेवला की देवमनचा पहिला सवाल, "जळली कशी?"

"जळली बाप्पा. आता कशी ते मले काय ठाव?"

"मंग घरी ने अन् चुलीत घाल. मोटर आपल्या मनानं जळते काय बे? फ्यूजच्या जागी जाड तार कोनी बांधली, ते पयले सांग."

निम्म्या वेळी तसंच निघायचं. उरलेल्या निम्म्या वेळी देवमनचा अंदाज चुकायचा, पण म्हणून त्याचा आवाज काही खाली यायचा नाही. मोर्णा नदीच्या अलीकडे टिनाच्या छपराखाली त्याचं दुकान होतं. जळक्या मोटरीत नवी तार भरणारे वाइंडर गावात दुसरेही होते, गोड बोलणारे, चहा पाजणारे. तरी लोक शिव्या खायला इथंच यायचे. जिनात रुईचा भुरका उडतो, मोटरीच्या पोटात जाऊन बसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि एक दिवस तारेला तार भिडून धूर निघतो. देवमन तारेवर सुती फीत अशी चढवायचा आणि तिच्यात मेण असं मुरवायचा, की भुरका आणि ओल दोघंही दारातूनच परत जायचे.

हे त्याला बाळापूरच्या करीमोद्दीन मिस्त्रीनं शिकवलं होतं. देवमनचा बाप तेल्हाऱ्याकडून आला तो कापसाच्या प्रेसमधे गाठी उचलायला. देवमनही जवान झाल्यावर गाठीच उचलत होता. मशिनीला हात लावायची त्याच्या लोकांना बंदी होती. कागदावर नाही, पण होती. करीमोद्दीननं त्याला मोटरीपाशी बसवलं. जात विचारली नाही, उलट तोच म्हणायचा, "पूछ बे, पूछ. जो पूछता नहीं वो मोटर जलाता है." देवमन विचारत गेला, म्हातारा सांगत गेला. फीत डावीकडून का चढवायची, मेण किती तापवायचं, सगळं. आणि एक कायदा त्यानं घालून दिला होता: नंगी तार दुकानाबाहेर जाणार नाही. माणसाची इज्जत कपड्यात, तारेची सुतात.

छप्पन साली देवमन नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. आल्याबरोबर त्यानं घरातले देव मोर्णेत सोडले. त्याची बायको केशरबाई शेजारणींना सांगायची, "देव सोडले माय, शिव्या तेवढ्या ठेवल्या."

चौसष्ट साली महालक्ष्म्यांच्या सुमाराला प्रेसचा मॅनेजर चंद्रभान एका पाहुण्याला घेऊन दुकानात आला. पाहुणा म्हणजे अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या वकिलांचा मुलगा, हरिहर. चंद्रभान आणि तो कॉलेजात एका बाकावर होते. चंद्रभान कापसात राहिला आणि हरिहर शिकत शिकत मुंबईकडे अणुभट्टीवर जाऊन पोचला. पांढरी पँट, पायात मोजे. दुकानातल्या ग्रीसनं पँट भरू नये म्हणून तो उभाच राहिला.

"देवमन," चंद्रभान म्हणाला, "हे माहे दोस्त. अणुवाले साहेब. याईले एक कॉइल पायजे."

हरिहरनं नकाशा उघडला. तळहाताएवढी, चपटी, चौकोनी कॉइल. तार अ‍ॅल्युमिनिअमची, तिच्यावर पातळ लेप आधीच दिलेला. तारेचं रीळ त्यानं बरोबरच आणलं होतं. वेढे एकमेकाला चिकटून, सरळ, एकही वर चढलेला नको. वरून दोन्ही बाजूंनी कागदासारखा पातळ अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा.

"आमच्या वर्कशॉपात नंबर लागायला पुढचं वर्ष उजाडेल," तो म्हणाला. "चंद्रभान म्हणतो, तुझा हात सफाईदार आहे. तर हे करून दे."

देवमन त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा होता. 'तुझा' त्यानं ऐकलं आणि गिळलं. गिऱ्हाईक होतं.

"अ‍ॅल्युमिनिअम कावून? तांबं घ्या नं."

"नाही. अ‍ॅल्युमिनिअमच."

"अन् फीत कुठी दाखवली याच्यात? मेण?"

"काही नाही लावायचं. फीत नाही, मेण नाही, वार्निश नाही. नुसती तार आणि वर पत्रा."

"साहेब, मुंबईची हवा दमट. महिन्यात तार फुगन. कावून नाही लावायचं?"

हरिहरनं घड्याळ पाहिलं. "ते तुला नाही कळायचं. आणि ते काम असं बाजारात सांगायचं नसतं. नकाशात आहे तसं कर."

पाहुणे गेल्यावर देवमन नकाशासमोर बराच वेळ हातावर हात धरून बसला. मग त्यानं शेजारच्या सायकलवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं केशरबाईला विचारलं, "तुले काय वाटते? मले समजत नाही काय?"

"मले कशाले विचारता? तुमाले समजते ते साऱ्या गल्लीले ऐकू येते."

कॉइल त्यानं मन लावून भरली. अ‍ॅल्युमिनिअमची तार मऊ, जोर लागला की तुटते आणि ढिली सोडली की लोळते. वेढे असे बसले, की नख फिरवलं तर खरखर लागू नये. पत्रा लावायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. नागडी कॉइल. करीमोद्दीन मातीत गेला होता, पण त्याचा कायदा गेला नव्हता. पोरगं शिकलेलं आहे, देवमननं विचार केला, पण त्यानं पावसाळ्यात मोटर कधी उघडली आहे? उद्या कॉइल जळली तर नाव कोणाचं जाईल?

त्यानं तेल्हाऱ्याच्या लांब धाग्याच्या रुईची, खास कामासाठी जपून ठेवलेली बारीक फीत काढली. दोन पदर चढवले. मेणाच्या घमेल्यात कॉइल बुडवून मेण मुरू दिलं. वरून पत्रा असा बेमालूम बसवला, की आत काय आहे ते कोणाच्या बापाला दिसू नये.

केशरबाई दारातून पाहत होती. "साहेब नाही म्हनत होता नं?"

"साहेबाले काय मालूम. काम सुधरवून देऊन रायलो, बिघडवून नाही. काही बोलू नोको."

कॉइल मुंबईला गेली. देवमननं पुढचे आठ दिवस गिऱ्हाइकांना, न विचारता, अणुभट्टीचं काम आपल्या दुकानात कसं आलं ते सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर चंद्रभान पोतं घेऊन आला. पोत्यातून त्यानं कॉइल काढली. पत्रा उचकटलेला, फीत फाडलेली, मेणाचे लपके बाहेर आलेले. देवमननं ती हातात घेतली आणि त्याचा चेहरा असा झाला, की चंद्रभान बसला होता तो उठला.

"मी नाही फाडली बाप्पा. त्याईनं पाठवली अशी. म्हने, सांग त्याले, हे काही जिनाची मोटर नव्हती."

"खोट काय हाये?"

"ते नाही सांगलं. त्याची भट्टीवरची पाळी गेली म्हने. तिथी सगळ्याईले पाळीपाळीनं टाईम भेटते. याचा सगळा टाईम खोट हुडकण्यातच गेला."

"तार तुटली?"

"नाही वाटते."

"कुठी भिडली?"

"मले काय ठाव, देवमन. शिवी द्याची तर दे अन् मोकळा हो."

देवमननं शिवीही दिली नाही. मीटर लावून त्यानं कॉइल तपासली. वीज इकडून गेली, तिकडून निघाली. एक वेढा दुसऱ्याला भिडला नव्हता. पुन्हा तपासली. कॉइल चांगली होती. चांगली कॉइल कुत्र्यानं फाडल्यासारखी फाडून परत आली होती आणि का, ते सांगायला कोणी तयार नव्हतं.

अकोल्याचा बाजार असल्या गोष्टी पचवत नाही, ओकतो. दोन दिवसांत जुन्या कापूस बाजारापर्यंत गेलं, की देवमननं अणुबाँब भरला अन् फुसका निघाला. हंगाम ऐन भरात होता, जिनं रात्रंदिवस चालू होती, मोटरी जळायच्या तशा जळत होत्या, पण गाड्या आता देवमनच्या दुकानावरून पुढे सूर्यभान वाइंडरकडे जायला लागल्या. एक गाडीवान तर मुद्दाम थांबून म्हणाला, "काय गा देवमन, मुंबईवाल्याईनं पास नाही केलं म्हनते?"

"तू कवा पास झाला बे?" देवमन म्हणाला. पण गाडी पुढे गेली ती गेलीच.

गिऱ्हाईक गेल्याचा राग त्याला आला, पण तो राग सोसण्यासारखा होता. सोसवत नव्हती ती ही गोष्ट, की आपल्या हातून काय चुकलं ते जगात कोणाला तरी माहीत आहे आणि तो माणूस आपल्याला सांगत नाही. जेवताना तो घास हातात धरून बसायचा. एकदा केशरबाई म्हणाली, "जाऊन विचारा नं मंग. इथी बसून भाकरीले कशाले डोळे दाखवता?"

भाऊबीज झाल्यावर देवमन धुतलेलं धोतर आणि कोट घालून, फाटकी कॉइल पिशवीत घेऊन अमरावतीच्या एसटीत बसला. हरिहर दिवाळीला घरी आला असल्याचं चंद्रभानकडून कळलं होतं. बुधवाऱ्यात वकिलांचं घर शोधायला अडचण पडली नाही. दार हरिहरच्या आईनं, सरोजिनीबाईंनी उघडलं.

"कोण हवंय?"

"हरिहर साहेब. मी अकोल्याचा देवमन तायडे. त्याईनं माही कॉइल फाडली."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "हरी, बाहेर ये. तू कोणाचं काय फाडलंस?"

हरिहर आला. पिशवी पाहिल्याबरोबर त्याच्या कपाळाला आठी पडली. देवमन बैठकीच्या सतरंजीवर स्वतःच बसला. कोणी बसा म्हणायची वाट त्यानं पाहिली नाही, कारण वाट पाहून बसायचं त्यानं छप्पन सालीच सोडलं होतं.

"खोट सांगा," तो म्हणाला.

"खोट?" हरिहर तडकला. "तुला स्पष्ट सांगितलं होतं, फीत नको, मेण नको. तू चोरून आत घातलंस. माझी पाळी वाया गेली. आता उन्हाळ्यापर्यंत मला यंत्राला हात लावता येणार नाही. दुसऱ्या लोकांसमोर माझी काय शोभा झाली, माहीत आहे?"

"घातलं. लपवून घातलं. ते माही चूक. पन त्यानं झालं काय, ते सांगा. कॉइल मी तपासली. चांगली हाये."

"ते तुला समजावणं..."

"समजलं नाही तर उठून जाईन. सांगाच्या आधी कावून ठरवता?"

"अरे, हे अणुशक्तीचं काम. असं कोणालाही बोलता येत नाही."

सरोजिनीबाई चहा घेऊन येत होत्या त्या दारातच थांबल्या. "मग गेल्या उन्हाळ्यात इथल्या कॉलेजात तू काय बोललास रे? हार घातला, फोटो काढला. तेव्हा नव्हतं का अणुशक्तीचं?"

देवमननं आधी बाईंकडे पाहिलं, मग हरिहरकडे.

"म्हंजे भाषनात सांगता येते," तो सावकाश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. अकोल्यात कोणी ऐकला असता तर दुकान सोडून पळाला असता. "हार घालून बसलेल्या लोकाईले सांगता येते. ज्यानं तार भरली त्याले नाही. माह्या उस्तादाले लिहिता येत नव्हतं, साहेब. त्यानं मले जे त्याले ठाव होतं ते सगळं सांगलं. तुमी आभाळाएवढं शिकले अन् तुमाले एक वाक्य जड झालं. तुमच्या एका वाक्यापायी माहं नाव गेलं. तुमची पाळी बी गेली, ते अलग."

"सांग की त्यांना," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मलाही कुठे सांगितलंस? मी आपली लोकांना सांगते, भट्टीवर आहे. लोकांना वाटतं विटांच्या."

चहा आला. तिघांच्या कपबशा एकाच संचातल्या होत्या. देवमननं ते पाहिलं आणि चहा घेतला.

हरिहर खालीच बसला. सुरुवातीला तो मुलांना शिकवल्यासारखा बोलत होता, पण देवमन मधे मधे असा आडवा घुसायचा की त्याला सरळ बोलणं भागच पडलं. अणूच्या पोटात न्यूट्रॉन नावाचा कण असतो, तो म्हणाला. त्याला वीज नसते. पण तो एक इवलंसं लोहचुंबक असतो, होकायंत्राच्या सुईसारखा. भट्टीतून असे कण झोतानं निघतात, तेव्हा कोणाची सुई वर, कोणाची खाली, काही धरबंद नाही. त्यांच्या वाटेत एक खास चुंबकी स्फटिक ठेवायचा. त्याच्यावरून उसळून पुढे येतात ते एकाच बाजूला सुई असलेले.

"रेचा," देवमन म्हणाला.

"काय?"

"जिनातला रेचा. सरकी इकडं, रुई तिकडं. पुढं बोला."

"हं. रेचा. तर निवडलेली रुई पुढे येते. मग तुझी कॉइल. न्यूट्रॉन तिच्या वेढ्यांतून आरपार जातात आणि जाता जाता त्यांची सुई उलटी होते. वाट तीच, फक्त सुई उलटी. पुढे लोखंडाचा किंवा निकेलचा तुकडा असतो, ज्याची परीक्षा करायची तो. कॉइल बंद ठेवून सुलट सुईचे किती उसळतात ते मोजायचं, चालू करून उलट सुईचे मोजायचे. दोन्हींत जो फरक येतो त्यावरून कळतं, त्या धातूच्या आत चुंबकपणा नेमका कुठे आणि किती बसलाय. दुसऱ्या कशानं तो असा दिसत नाही."

देवमननं पिशवीतली कॉइल वर काढली. "आरपार म्हंजे याच्यातून? या तारेतून?"

"तारेतून, पत्र्यातून. अ‍ॅल्युमिनिअममधून न्यूट्रॉन जवळजवळ बिनधास्त जातो. म्हणून तर अ‍ॅल्युमिनिअम. पण कापूस आणि मेण, या दोन्हीत हायड्रोजन ठासून भरलेला असतो. हायड्रोजनचं पोट न्यूट्रॉनच्याच वजनाचं. गोटीवर सारखीच गोटी आपटली तर काय होतं?"

"मारली ती थांबते. दुसरी पळते."

"तसं. न्यूट्रॉन कुठल्या कुठे भरकटतो, वर कित्येकांची सुई त्यातच उलटते. निवडलेल्या मालाचा पुन्हा काला. भट्टीभोवती माणसांना न्यूट्रॉन लागू नयेत म्हणून आम्ही जी भिंत करतो ना, ती मेणाची करतो. आणि तू माझ्या वाटेतच ती भिंत बांधलीस."

देवमन कॉइलमधून लोंबणारी फीत बोटांत धरून बसला. तेल्हाऱ्याची रुई. आख्ख्या वऱ्हाडात कोणाच्या मोटरीला लावली नव्हती अशी फीत त्यानं नेमकी तिथं लावली होती, जिथं ती विष होती.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"एवढंच म्हणजे..."

"चहा निवला नाही अजून, एवढ्यात सांगून झालं. हे दुकानात सांगलं असतं, तर मी फितीले हात लावला असता काय? तुमी माहा कापूस फाडला, फाडा. पन मले आंधळ्यावानी कामाले लावलं, त्याचा राग मी सोडत नसतो." तो उठला. "कॉइल दुसरी भरून देतो. एक अट हाये. मी भरीन तवा तुमी दुकानात बसाचं. उभं नाही, बसाचं. मी विचारीन ते सांगाचं."

"मला रजा नाही इतकी."

"मंग कॉइल नाही."

हरिहरनं आईकडे पाहिलं. सरोजिनीबाई कपबशा गोळा करत म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? उन्हाळ्यापर्यंत तुला दुसरं काय काम आहे?"

संक्रांतीनंतर हरिहर अकोल्याला आला. देवमननं जुन्या पत्र्यांची एक पेटी रस्त्याच्या बाजूला, अगदी दर्शनी, मांडून ठेवली होती. साहेब तिच्यावर बसला. दुपारपर्यंत त्याची पँट व्हायची तशी झाली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून पाहत होता, आणि वऱ्हाडात माणूस थांबला की नुसतं पाहत नाही.

"हे कोन होय, देवमन? नवा गडी ठेवला काय?"

"साहेब हायेत. अणुवाले. तू चाल पुढं."

"साहेब, आमच्या वावरात विहीर कुठी लागन, ते दिसते काय तुमच्या भट्टीतून?"

"नाही हो, ते नाही दिसत," हरिहर म्हणाला. पहिल्या तासात तो चिडला होता. मग देवमनच्या सवालांना उत्तरं देता देता त्याला चिडायला सवड राहिली नाही. मोटरीत जे पत्रे असतात त्यांच्यातला चुंबकपणा असा पाहता येईल का, देवमननं विचारलं. हरिहर म्हणाला, आत्ता नाही. या कामाला एकसंध स्फटिक लागतो आणि पत्र्यात बारीक बारीक स्फटिकांची खिचडी असते. पुढेमागे जमेल. देवमन म्हणाला, पुढेमागे जमलं की सांगायला या.

वेढे पुरे झाले. देवमननं पत्रा आवळायला डबीतून स्क्रू काढले आणि हरिहर पेटीवरून पुढे वाकला. "लोखंडी आहेत?"

"मंग काय सोन्याचे?"

"लोखंड नको. रस्ताभर आम्ही हलकंसं चुंबकी क्षेत्र धरून ठेवतो, सुयांना आधार म्हणून. त्यात लोखंडाचा तुकडा आला की तो ते क्षेत्र आपल्याकडे ओढतो, आणि तिथून जाणाऱ्या सुया वाकड्या होतात."

देवमन स्क्रूकडे पाहत राहिला. पुन्हा चुकणार होता. फरक इतकाच, की या वेळी सांगणारा समोर बसला होता. त्यानं डबी मागे सरकवली, पितळेचे स्क्रू शोधून काढले आणि बसवले. स्क्रू आवळताना त्याचा हात नेहमीपेक्षा जोरात फिरत होता.

तेवढ्यात चंद्रभान आला. त्याच्याबरोबर बाजारातले चार-दोन रिकामे लोकही आले. तयार कॉइल पाहून चंद्रभान मोठ्या मनानं म्हणाला, "मी तं सगळ्याईले सांगतच होतो. देवमनच्या हातात खोट नव्हतीच. काहीतरी गैरसमज झाला."

"खोट होती," देवमन म्हणाला.

"जाऊ दे नं आता."

"कावून जाऊ देऊ? साहेबानं नाही म्हटलं होतं अन् मी कापूस घातला, मेण घातलं, वरून लपवलं. ते खोट माही. माह्या चुकीवर गोधडी टाकू नोको. मले गोधडी नाही पायजे." तो हरिहरकडे वळला. "अन् आता तुमची सांगा. इथी, याईच्या समोर. हे लोक भाषनाले नव्हते."

पेटीवर बसलेल्या साहेबाकडे सगळे पाहायला लागले. हरिहरनं घसा खाकरला. बाजारात उभं राहून चूक कबूल करायची त्याच्या घराण्यात कोणाला सवय नव्हती. वकिलाचं घर, तिथं चुका समोरच्याच्या असतात.

"मी कारण सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, तुला कळणार नाही."

"अन् समजलं काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"समजलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हालाही समजलं असतं."

"मंग सांगा," तो मागचा म्हणाला आणि खाली बसला. हरिहरला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. या वेळी रेच्यापासून सुरुवात त्यानं स्वतःच केली.

कॉइल हरिहरच्या मांडीवर बसून, मऊ धोतरात गुंडाळलेली, मेलगाडीनं मुंबईला गेली. ती पितळी स्क्रूंची उघडी कॉइल देवमनला शेवटपर्यंत आवडली नाही. केशरबाईला तो म्हणाला, "बिना कपड्याचं पोर सासरी धाडल्यावानी वाटते."

उन्हाळ्यात हरिहरची पाळी लागली. त्यानंतर एक दिवस चंद्रभान, गाडीत जळकी मोटर घालून, लांबूनच हसत दुकानाशी आला.

"देवमन, कॉइल चालली बरं. हरिहरचा निरोप आला. सगळ्या बाजारात सांगून आलो मी. सूर्यभानच्या दुकानात तं उभं राहून सांगलं. आता आमच्या मोटरी सगळ्या तुह्याकडंच."

"चालली म्हंजे काय?"

"चालली म्हंजे चालली."

"शंभरातले किती उलटे झाले?"

"काय उलटे?"

"न्यूट्रॉन बे. सुया. शंभरातल्या किती उलटल्या? सगळ्या? का अर्ध्या? झोत किती कमी झाला?"

"ते मी नाही विचारलं," चंद्रभान म्हणाला. "चालली म्हटलं, मले वाटलं झालं."

"कावून नाही विचारलं?" देवमन उठून रस्त्यावर आला. गाडीवान मोटरीचा दोर सोडत होता, त्याला त्यानं हातानं थांबवलं. "बाजारात सांगत हिंडला. सूर्यभानच्या दुकानात जाऊन सांगलं. ज्यानं भरली त्याच्यासाठी एक सवाल विचारता आला नाही तुले? तुह्या प्रेसमधे फोन हाये नं?"

"ट्रंक कॉल लावाचा? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. त्या दोस्ताले विचार, शंभरातले किती. अन् जितके नाही उलटले, ते कावून नाही उलटले, ते बी विचार. मोटर गाडीतच राहू दे. विचारून आला की उतरवू."

चंद्रभाननं केशरबाईकडे पाहिलं. ती दारात ज्वारी निवडत होती. तिनं सुपातून डोकं वर काढलं नाही.

"जा भाऊ," ती म्हणाली. "गेल्याबिगर ते काही मोटरीले हात लावत नाहीत."

चंद्रभान शिव्या पुटपुटत प्रेसच्या रस्त्याला लागला. गाडी उन्हात उभीच राहिली.